पैसे तिच्या हातात द्या

गावच्या जत्रेला आमच्याकडं पावणं खूप येतात. मटणाच्या पंगती उठल्या, दुपार कलली, की एकेक जण निघायला लागतो आणि निघताना घरातल्या पोरांच्या हातावर खाऊला म्हणून पैसे ठेवतो. आमच्या गडमुडशिंगीत काय किंवा दुसऱ्या गावात काय, रीत तीच. पोरंही हुशार असतात. पावण्यानं चपला शोधायला घेतल्या, की बरोबर दारात येऊन उभी राहतात.

त्या वर्षी माझी मुलगी अकरा वर्षांची होती. तीही दारात उभी होती, चुलत भावंडांच्या मधोमध. नणंदेचे मालक, आमचे कबनूरचे दाजी, निघाले होते. स्वतःचे यंत्रमाग चालवणारा, सढळ हाताचा माणूस. त्यांनी खिशातून वीस-वीसच्या नोटा काढल्या. पहिली पुतण्याच्या हातावर ठेवली. मग माझ्या मुलीनं हात पुढं केला. दाजींनी तिच्या डोक्यावरनं हात फिरवला, गालाला हात लावून बोटं स्वतःच्या ओठांना टेकवली, आणि तिच्या वाटणीची नोट तिच्या डोक्यावरनं माझ्याकडं धरली.

"वैनी, हे तुमच्याकडं ठेवा. तिला काय कळतंय."

ते पुतणीकडं वळले सुद्धा. माझ्या मुलीचा हात मात्र तसाच पुढं होता. तळवा वर, बोटं पसरलेली. पैसे दिलेच नाहीत हे तिच्या लक्षात आलं नव्हतं, अजून द्यायचे आहेत असं वाटून ती वाट बघत होती.

मी नोट घेतली नाही.

"दाजी, पैसे तिच्या हातात द्या."

"अहो, हरवंल की."

"हरवू दे."

बोलणं वाढू नये म्हणून दाजी हसले आणि त्यांनी नोट तिच्या हातावर ठेवली. नणंदेनं माझ्याकडनं तोंड फिरवलं. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, पावणं गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत दारात उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "पावण्याला असं बोलत्यात व्हय? त्यानं काय वाईट केलं?"

वाईट काहीच केलं नव्हतं. मग मला एवढं का लागलं, तेच तर मला सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी धारा काढायला गेलेल्या आत्तींना ती नोट म्हशीच्या वैरणीत सापडली. अर्धी ओली, एका कोपऱ्यावर चावल्यासारखी. त्यांनी ती आणून माझ्या शिलाई मशीनवर ठेवली. मी ती नोट धुतली, वाळवली, इस्त्री केली आणि दुसऱ्या दिवशी परत मुलीच्या हातात दिली.

माझ्या मुलीला डाऊन सिंड्रोम आहे. ती जन्मली तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हा शब्द मला कागदावर लिहून दिला होता. गावात त्याला इतर शब्द आहेत, ते मी इथं लिहिणार नाही. तिला चालायला उशीर झाला, बोलायला त्याहून उशीर झाला, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी मला समजावलं की आता एवढ्यावर समाधान मान. मी मानलं नाही. मी मोठी शूर वगैरे नव्हते. मला फक्त राग लवकर येतो आणि तो लवकर जात नाही.

शहरातल्या तिच्या शाळेत मी गेले. खास मुलांची शाळा, छोटी, स्वच्छ. बाई मायाळू होत्या. मी म्हटलं, तिला पैसे शिकवा.

बाई म्हणाल्या, "अजून तिला वीसच्या पुढचे आकडे येत नाहीत. शंभरपर्यंत येऊ देत, मग पैशांचं बघू. आमच्याकडं पुठ्ठ्याची नाणी आहेत, त्यांच्यावर सराव घेऊ."

"शंभर कधी येतील?"

खोटं बोलायची सवय नसलेली बाई. "सांगता येत नाही," म्हणाल्या. "आणि आता नाणी लागतात कुठं? सगळं मोबाइलवरच होतंय."

हे मी सगळ्यांकडनं ऐकत होते. गल्लीतल्या दुकानात तो बोलणारा डबा आलाच होता. पैसे जमा झाले की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचा. पण मोबाइल म्हणजे बँकेचं खातं, त्याचा पासवर्ड, तो दुसऱ्या कुणाला तरी माहीत असणार. माझ्या मुलीचे पैसे कायम दुसऱ्याच्या बोटाखाली. मला तिच्या मुठीत मावेल असं काहीतरी हवं होतं. शंभर आकडे कदाचित कधीच येणार नव्हते. बिस्किटाचा पुडा तिला आजच हवा होता.

"पुठ्ठ्याची नकोत," मी बाईंना म्हटलं. "मी घरी खरी नाणी देतो."

नवऱ्याला सांगितलं. ते शिरगावच्या फौंड्रीत कामाला आहेत. पाळीवरनं आले होते, हातपाय धूत होते. म्हणाले, "कशाला तिला तरास देतीस? आपण हाय की."

"किती दिस?"

ते तोंडावर पाणी मारत राहिले. गरजेपेक्षा जास्त वेळ. मग टॉवेल घेऊन आत गेले. त्यानंतर त्यांनी मला कधी अडवलं नाही. मदतही केली नाही, पण पाळीवरनं येताना चहाचे सुट्टे जपून आणायला लागले आणि माझ्या चिल्लरच्या डब्यात टाकायला लागले.

मी ब्लाउज शिवते. फॉल-पिको, बाही उसवणं, बाजूला टीप मारणं असली किरकोळ कामंही घेते, त्यामुळं घरात चिल्लर कायम असते. जेवणं झाल्यावर दुपारी मी कटिंगच्या टेबलावर नाणी पसरायला लागले.

पहिल्या आठवड्यातच मला कळलं की मी काय मागतेय ते मलाच माहीत नव्हतं. तिला मोजता येत होतं. बटणं मोजायची, हुक मोजायची. मी पाचचं एक नाणं पुढं ठेवलं आणि विचारलं, "किती?"

"एक."

"न्हाय बाय. हे पाच."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या तोंडावर जे होतं ते मी विसरणार नाही. आई खोटं बोलतेय हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं. तिचं बरोबर होतं. टेबलावर एकच वस्तू होती. आपण सगळे लहानपणी कधीतरी हे खोटं मान्य करतो आणि परत विचार करत नाही. ती मान्य करायला तयार नव्हती.

मी पाचच्या नाण्यापुढं पाच बटणं मांडली. तिनं बटणं मोजली, मग नाणं मोजलं आणि सहा म्हणाली. मी खडूनं नाण्यावर पाच ठिपके काढले. तिनं ते फ्रॉकला पुसून टाकले. आणि एक रुपया, दोन रुपये तर मलाच दुकानाच्या अंधारात ओळखता येत नाहीत, इतके सारखे. ही नाणी ज्या कुणी काढली त्याला मी त्या महिन्यात बऱ्याच शिव्या दिल्या. एका दुपारी तिनं सगळी चिल्लर हातानं झाडून खाली पाडली आणि टेबलाखाली जाऊन बसली. आत्ती दारातनं बघत होत्या.

"सोड की आता तिला," म्हणाल्या. "का जीव खातीस लेकराचा?"

"आत्ती, तुम्ही गेल्यावर, मी गेल्यावर तिला कोण बिस्किट आणून देणार?"

"भाऊ-भैणी हाईत की."

"त्यांनी दिलं तर खायचं आणि न्हाय दिलं तर बसायचं."

आत्तींनी पदर तोंडाला लावला आणि निघून गेल्या. मला वाईट वाटलं, पण मी शब्द मागं घेतला नाही.

मी बिस्किट म्हटलं तशी टेबलाखाली बसलेली मुलगी बाहेर आली होती. तेव्हा माझ्या डोक्यात आलं. ठिपके, बटणं सगळं बाजूला ठेवलं. गल्लीच्या टोकाला अण्णांचं किराणा दुकान आहे. घरात कन्नड बोलणारी माणसं, पण दोन पिढ्या इथंच. मी अण्णांना सगळं सांगितलं. रोज संध्याकाळी ती येईल, पाच रुपयांचा पुडा घेईल. पैसे बरोबर असले तरच द्यायचा.

पहिले काही दिवस मी तिच्या हातात पाचचं नाणं दिलं. ती गेली, नाणं ठेवलं, पुडा आणला. मग मी पाच सुट्टे रुपये दिले. पुडा आला. पुन्हा एक नाणं, पुन्हा पाच. ती विचार करते आहे हे मला तिच्या चालण्यावरनं कळायचं. जाताना मूठ उघडून बघायची.

मग एका संध्याकाळी मी तिला चारच रुपये दिले.

मी मागनं गेले आणि अण्णांच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडं उभी राहिले. तिनं रुपये फळीवर ठेवले. अण्णांनी मोजले आणि मान हलवली. "कमी हाईत, बाय. अजून एक आण." तिनं पुड्याकडं बोट दाखवलं. अण्णा परत तेच म्हणाले. तिचा ओठ खाली आला आणि ती रडायला लागली. तिचं रडणं मोठं असतं, गल्लीतली दारं उघडतात.

दूध घालून येणारी एक बाई थांबली. "काय झालं गं?" अण्णांनी सांगितलं. तिनं लगेच कनवटीची पिशवी काढली. "एका रुपयासाठी रडवतासा व्हय लेकराला?" आणि रुपया फळीवर ठेवायला गेली.

मी रस्ता ओलांडून तिचा हात धरला.

"ठेवू नका."

"अगं, आई हाईस का कोण?"

"आईच हाय. तुमचा रुपया उचला."

तोवर अजून दोघी-तिघी जमल्या होत्या. त्या मला काय काय बोलल्या ते आठवून आज हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं. एक म्हणाली, देवानं असलं लेकरू दिलं आणि ही त्याला उपाशी मारतेय. अण्णांचेच डोळे भरले होते, त्यांचा हात पुड्याकडं गेला होता. मी त्यांच्याकडं बघितलं आणि त्यांनी हात मागं घेतला.

मी मुलीला चार रुपयांसकट घरी नेलं. टेबलावर ते मांडले. बाजूला पाचचं नाणं ठेवलं. ती हुंदके देत बघत राहिली. मग तिनं स्वतः डब्यात हात घातला. पहिल्यांदा दोनचं नाणं आलं, ते तिनं उलटंपालटं करून परत टाकलं. मग रुपया काढला. चारांच्या शेजारी ठेवला. पाचच्या नाण्याकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, "बिस्किट." मग पाच सुट्ट्या रुपयांकडं बोट दाखवलं. "बिस्किट."

पुन्हा पळत गेली ती. मी मागं गेले नाही.

पुढचं काही सरळ झालं असं नाही. दहा यायला वर्ष गेलं असेल. आजारी पडली की सगळं विसरायची आणि मी पुन्हा पुड्यापासनं सुरू करायचे. नोटा तिनं रंगावरनं ओळखल्या, नाण्यांपेक्षा लवकर. पण तिचं सगळ्यात लाडकं दहाचं नाणं. पिवळी कड आणि मधे पांढरं. ते ती कधी चुकली नाही. दिसलं की उचलायची आणि दहा बोटं दाखवायची.

ती तेराची झाल्यावर मी तिला बसनं शहरात मंडईत न्यायला लागले. मी लांब उभी राहायचे आणि ती एक वस्तू घ्यायची. एकदा मी तिला दहाचं नाणं दिलं आणि कोथमीर आणायला सांगितलं. मी लिंबवालीच्या आडोशाला उभी होते.

कोथमीरवाला पोरगेलाच होता. तिनं पेंढी उचलली, नाणं पुढं केलं. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "हे चालत न्हाय. नोट दे."

आमच्याकडं त्या दिवसांत दहाचं नाणं बऱ्याच जणांना नको असायचं. मी हे विसरलेच होते.

"दहा हाय," ती म्हणाली.

"व्हय, दहा हाय. पर चालत न्हाय."

"दहा हाय." हात तिनं मागं घेतला नाही. तिनं शिकायला इतकी वर्षं घातलेली गोष्ट तो एका शब्दात मोडत होता, आणि तिच्या आवाजात शंका नव्हती. मागं गिऱ्हाईक साठलं होतं. त्यानं मान वर करून विचारलं, "कुणाची पोरगी हाय ही? येडी हाय काय?"

मी एक पाऊल टाकलं आणि तिथंच थांबले. लिंबवाली माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, आता ही रडणार, किंवा पेंढी घेऊन पळणार, किंवा मला शोधणार. तिनं यातलं काही केलं नाही. पेंढी ढिगावर परत ठेवली, नीट, पानं वर करून. नाणं मुठीत घेतलं आणि चालायला लागली. दोन-तीन टोपल्या सोडून एक म्हातारी पेरू विकत होती. ही तिच्यापुढं बसली, नाणं दाखवलं, म्हातारीनं ते घेऊन कनवटीला लावलं आणि पेरू दिले. कोथमीर आणायला सांगितलंय हे ती विसरली होती, का तिनं ठरवून सोडलं होतं, हे मला आजही माहीत नाही. न पटल्यास घ्यायचं नाही, दुसरीकडं जायचं, हे मी तिला शिकवलं नव्हतं. ते मला सुचलंच नव्हतं.

मी कोथमीरवाल्याकडं गेले.

"ती माझी मुलगी. येडी न्हाय. तिच्याकडं पैसे होते, तू घेतलं न्हाईस. घ्यायचं नसंल तर घेऊ नको, पर तोंड सांभाळून बोल."

तो खरंच ओशाळला. "मावशी, मी नाणं घेतो ओ, पर माझ्याकडनं कोण घेत न्हाय. सगळी परत करत्यात. मी काय करू?"

"ते तिला सांग. तसं सांगितलं असतंस तर तिला कळलं असतं."

कळलं असतं का, ते मलाही माहीत नव्हतं. पण मी ते पूर्ण खात्रीनं बोलले आणि त्याच्याकडनं काही न घेता निघाले. त्या दिवशी आमच्या आमटीत कोथमीर नव्हती. पेरू कच्चे निघाले. तिनं ते एकटीनं खाल्ले, कुणाला दिले नाहीत.

आता ती सतरा वर्षांची आहे. शाळा संपली. माझ्याजवळ बसून ब्लाउजचे लोंबते धागे कापते, कच्चे टाके काढते, घडी घालून पिशवीत भरते. हाताला सावकाश आहे, पण तिनं घातलेली घडी माझ्यापेक्षा चांगली असते. प्रत्येक ब्लाउजामागं मी तिला पाच रुपये देते, काम झालं की लगेच, हातात. उधार ठेवत नाही. नणंद एकदा म्हणाली, घरातल्या घरात कसली मजुरी. मी म्हटलं, तुमच्या मागावर माणूस फुकट येतं काय? तिनं विषय बदलला.

पैशाचं ती काय करते ते माझ्या मनासारखं नसतं. मला वाटलं होतं, जपून ठेवेल. ती नेलपॉलिश आणते. भडक गुलाबी, निळं, एकदा हिरवं. पायांच्या बोटांनाही लावते. आत्ती आता थकल्यात, अंथरुणावरनं ओरडतात, "अगं, उधळतीया ती सगळं. सांग की तिला." मी सांगत नाही. आमच्या घरात कुणाच्या चहा-तंबाखूचा हिशोब कुणी विचारत नाही. तिच्याच बाटल्यांचा का विचारायचा? गेल्या महिन्यात आत्तींनीच हात पुढं केला आणि तिनं त्यांच्या सुरकुतलेल्या नखांना निळा रंग लावला.

परवा दुपारी एक गिऱ्हाईक बाई आली. शिलाईचे पैसे द्यायला पाचशेची नोट काढली. माझ्याकडं परत द्यायला पन्नास रुपये कमी होते. मुलगी शेजारी बसली होती, तिची कापडी पिशवी तिच्या मांडीवर होती आणि त्यात पैसे होते, मला आवाज येत होता.

मी म्हटलं, "बाय, पन्नास रुपये दे. संध्याकाळी देतो तुला."

तिनं पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी आवळलं.

"न्हाय."

"अगं, परत देतो की."

"न्हाय. माझं हाय."

गिऱ्हाईक बाई हसायला लागली. म्हणाली, "तुमच्या लेकीचं बरं हाय की ओ." मला वाटलं होतं मला राग येईल, मी आई आहे, पैसे मीच दिलेले. मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघतच नव्हती. कात्री घेऊन पुढच्या ब्लाउजचे धागे कापायला लागली होती, पिशवी मांडीखाली सरकवून.

"बसा जरा," मी त्या बाईंना म्हटलं, "शेजारनं सुट्टे घेऊन येतो."